खालच्या ओळीला हात लावू नये

८ फेब्रुवारी

व्याहीबुवा, नमस्कार.

पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकला असाल. दचकू नका, सगळे धडधाकट आहेत. ‘व्याहीबुवा’ लिहिलं खरं, पण लिहिताना पेन जरा अडखळलं. माझ्या लेकीचा आणि तुमच्या चिरंजीवांचा कोर्टात निकाल लागला, तेव्हापासून आपण एकमेकांचे कोण लागतो हे मला कोणी सांगितलेलं नाही. दुसरं काही सुचेपर्यंत मी हेच चालवणार.

काम भिंगरीचं आहे. नऊ वर्षांची झाली तुमची नात, आणि शाळा तिला सगळा अभ्यास कॉम्प्युटरवर करायला सांगते. घरात कॉम्प्युटर नाही, म्हणून माझा फोन तिच्या ताब्यात. काचेला तडा गेलेल्या त्या इवल्याशा पडद्यावर डोळे बारीक करून बसते पोर. मधेच एखाद्या गिऱ्हाइकाचा फोन आला, की ‘आजी गणवेश शिवतेय, नंतर करा’ म्हणून कापून टाकते. धंदा बसवणार ती माझा!

लेक दिवसभर दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर उभी असते. नवीन कॉम्प्युटर तिच्या आवाक्यात नाही, आणि कोणापुढे हात पसरायचा तिचा स्वभाव नाही, तुम्ही जाणताच. तेव्हा मला आठवला तो जुना लॅपटॉप. तुमच्याकडेच राहिला ना? जिवंत आहे का? लेकीला विचारलं तर म्हणाली, “आणायचा तर आण, पण भिंगरीपुरता. बाकी काही नको.”

फोन केला असता, पण आमच्याकडे पलीकडच्या खोलीतलं सगळं ऐकू येतं. पत्र बरं. पत्र तोंड मिटून बोलतं.

भिंगरीची आजी

*

१५ फेब्रुवारी

विहीणबाई, सप्रेम नमस्कार.

जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांना एकमेकांशी जोडून दिलं आणि मला कोणी विचारेना, अशी माझी गत झाली होती. तुमचं पत्र आलं आणि मी ते उभ्यानेच वाचलं. मग बसून परत वाचलं.

लॅपटॉप जिवंत आहे! कपाटात खालच्या खणात, जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळून ठेवलेला. चालू केला आणि चहा करायला गेलो. चहा केला, प्यायलो, कप विसळून आलो, तरी पडद्यावर ते चक्र आपलं फिरतंच आहे. आतलं जुनं सॉफ्टवेअर आताच्या काळात त्याला झेपत नाही. पण यंत्र खणखणीत आहे हो. मागचं झाकण उघडलं तर पंख्यात बोटभर धूळ. रंगकामाचा ब्रश घेऊन साफ केली. बॅटरी फुगली होती, ती बदलून आणली.

आता त्यात मी लिनक्स घालणार. घाबरू नका, खायचं नाहीये. तुमच्या भाषेत सांगतो: शिलाई मशीन तेच, पाय तेच, टेबल तेच, फक्त आतली चाल बदलायची, म्हणजे जुनं मशीन हलकं पळायला लागतं. फुकट मिळतं, आणि ते बनवणारे लोक एकमेकांना मदत करतात. आमच्या एक्स्चेंजमध्ये शेवटी शेवटी कॉम्प्युटर आले, तेव्हा असंच काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत हुकूम सोडायचे असायचे. परवा तयारी करताना तो काळा पडदा पुन्हा दिसला आणि मला एकदम माझ्या पाळीतली सगळी माणसं आठवली. कोण कुठे बसायचा, कोणाचा डबा कोण पळवायचा. त्याच्याही आधी, लाइनी जोडणारे लोखंडी रिले होते तेव्हा, आमचा हॉल अखंड टिकटिकत असे, शंभर बायका एकदम विणायला बसल्यासारखा. बाहेरच्यांना कटकट वाटायची. मला त्याच्याशिवाय सुट्टीच्या दिवशी झोप लागत नसे.

आणि खरं सांगू? या लॅपटॉपवर मला टाइप करायला तुमच्या लेकीनं शिकवलं. मी निवृत्त होऊन घरात नुसता फेऱ्या घालत होतो. तिनं मला धरून बसवलं. “अण्णा, बोटांनी दारावर थाप मारल्यासारखं करू नका, त्यांना चालू द्या.” रोज संध्याकाळी एक उतारा द्यायची आणि चुकांखाली लाल रेघा मारायची. घरात पोरगी नव्हती, ती हौस तिनं फेडली. तिचीही आठवण येते. हे तिला सांगू नका.

तयार झाला की मी स्वतःच घेऊन येईन. नाजूक वस्तू, पार्सलवाल्यांचा काय भरवसा!

तुमचा व्याही (मीही हेच चालवतो)

*

२१ फेब्रुवारी

व्याहीबुवा,

ताकाला जाऊन भांडं लपवायची तुमची सवय जुनीच आहे. नाजूक वस्तू म्हणे! नातीला बघायचंय असं सरळ लिहायला शाई कमी पडली का?

पण स्पष्टच सांगते, रागावू नका. आत्ता नको. लेक आता कुठे जरा सावरली आहे. तुमच्या घरातलं कोणी दारात दिसलं, की तिला पुन्हा सगळं पहिल्यापासून सुरू होईल. दुधानं तोंड पोळलंय तिचं. तुम्ही पोळवलं नाही, मला माहीत आहे. पण तुमचा चेहरा आणि त्याचा चेहरा सारखा आहे, त्याला कोण काय करणार?

पार्सलनंच पाठवा. नीट गुंडाळा. आणि आठवण करून देते, भिंगरीपुरता, बाकी काही नको.

विहीण

*

२ मार्च

विहीणबाई, नमस्कार.

बरोबर आहे तुमचं. पार्सलनं पाठवतोय. दोन उशा घालून शिवलाय, तुम्हाला माझ्या टाक्यांना हसायची परवानगी आहे.

आधी पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून बघितलं, मग पक्कं बसवलं. आता सुरू केला की चहा राहू दे, घोटभर पाणी पिईपर्यंत तयार. चित्रं काढायचं आहे, टंकलेखन शिकवणारा खेळ आहे, गणितं आहेत. आकाशातले तारे दाखवणारंही एक आहे, मीच त्यात दोन दिवस अडकलो होतो.

एकच गोष्ट लक्षात ठेवायची. बटण दाबलं की आधी काळ्या पडद्यावर दोन ओळी येतील. वरची ओळ नव्या लिनक्सची, म्हणजे भिंगरीची. काही न करता थांबलं तरी तीच आपोआप सुरू होते. खालची ओळ जुन्या सॉफ्टवेअरची. ते मी काढलेलं नाही. आमच्या एक्स्चेंजचा नियम: नवी लाइन बोलायला लागल्याशिवाय जुनी तोडायची नाही. आम्ही अख्खं एक्स्चेंज बदललं तेव्हा जुनी कपाटं कित्येक महिने तशीच चालू ठेवली होती. नव्यात काही बिघाड निघालाच तर पोरीचा अभ्यास अडायला नको. लॅपटॉपवर चिठ्ठी चिकटवली आहे: ‘वरची ओळ भिंगरीची. खालच्या ओळीला हात लावू नये.’

काही बिघडलं तर कळवा. लगेच कळवा. मी पहिल्या गाडीनं निघेन.

तुमचा व्याही

*

१० मार्च

व्याहीबुवा,

पोचला. तुमचे टाके बघून हसले, मग उसवताना घाम फुटला. मजबूत आहेत हो!

काय सांगू भिंगरीचं! शाळेतून आली, दप्तर एकीकडे, बूट एकीकडे, आणि ही लॅपटॉपसमोर मांडी घालून. माझ्या कापायच्या टेबलाचं एक टोक तिनं बळकावलंय. मी इकडे बाह्या जोडते, ती तिकडे तारे जोडते. काल मला बसवून टाइप करायला लावलं. माझी बोटं सुईवर चालतात, त्या बटणांवर अडखळतात. “आजी, अजून एकदा,” म्हणते, मास्तरीण कुठली! लेकीनं दारातून बघितलं आणि चक्क हसली. थोडंच, पण हसली. फोन मला परत मिळाला, गिऱ्हाइकं परत आली.

काहीही बिघडलेलं नाही. तुम्ही निराश व्हाल, पण काय करणार!

विहीण

*

३ एप्रिल

विहीणबाई, नमस्कार.

मधे दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. तुमची तब्येत बरी आहे ना? लॅपटॉप तापतो का? टेबलावर कापड असेल तर खालून हवा मिळत नाही त्याला, खाली दोन लाकडी पट्ट्या ठेवा. आवाज करतो का? पंखा पुन्हा भरला असेल. तुमच्याकडे धागेदोरे उडत असणार, माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं.

मी रोज असा विचार करतो. अमुक बिघडलं असेल, तमुक बिघडलं असेल. मग वाटतं, यंत्राचं काही नसेल, माझंच काहीतरी चुकलं असेल. जास्त लिहिलं का मी? यायचं यायचं म्हणून मागे लागलो म्हणून रागावलात का? तसं असेल तर लिहा, मी तो विषय काढणार नाही. चिरंजीव परदेशी, महिन्यातून एकदा फोनवर ‘बरा आहे’ म्हणतात. घरात बोलायला मी आणि भिंत. भिंगरी काय करते एवढं कोणीतरी कळवत राहिलं की माझं भागतं. तेवढं बंद करू नका.

तुमचा व्याही

*

९ एप्रिल

व्याहीबुवा,

तुमचं पत्र वाचून मलाच अपराध्यासारखं झालं. खरं ते सांगते.

‘हात लावू नये’ असं लिहून तुम्ही नऊ वर्षांच्या मुलीला पाठवलंत. अहो, तुम्ही स्वतः कधी लहान होता की नाही? चौथ्या दिवशी तिनं खालची ओळ दाबली. जुनं सगळं उघडलं आणि समोर पडदाभर फोटो. लग्नाआधीचा असावा. लेक सायकल चालवतेय आणि मागच्या कॅरिअरवर तुमचा मुलगा, दोन्ही पाय वर हवेत करून. दोघं खो खो हसताहेत.

भिंगरी रोज तो उघडून बघायची, मी शिवणात. एक दिवस लेक लवकर घरी आली. पोरीच्या मागे येऊन उभी राहिली. लॅपटॉप मिटला आणि कपाटावर ठेवला. मग माझ्यावर बरसली: “भिंगरीपुरता म्हटलं होतं ना मी? अण्णांनी मुद्दाम ठेवलंय हे. भिंगरीला पुढे करून मला परत आणायचं चाललंय त्यांचं.” मी म्हटलं, अगं नाही, तसा माणूस नाही तो. ऐकेल तर ना! भिंगरी एका कोपऱ्यात, लेक दुसऱ्या, मधे मी आणि बाह्या नसलेले गणवेश. तुम्हाला काय लिहू सुचेना, म्हणून गप्प बसले.

तुम्ही मुद्दाम केलं नाहीत, असंच माझं मन सांगतं. पण एकदा विचारतेच. केलंत का?

विहीण

*

१४ एप्रिल

विहीणबाई,

शप्पथ सांगतो, मुद्दाम नाही. तो फोटो तिथे आहे हे मला माहीतही होतं, आणि पूर्वी रोज दिसत असल्यामुळे दिसेनासाही झाला होता. लिनक्स बसवताना पडद्यानं मला सरळ विचारलं होतं: जुनं सगळं पुसू का, की शेजारी ठेवू? मी एक्स्चेंजचा नियम पुढे केला आणि ‘शेजारी ठेव’वर बोट ठेवलं. नियम खरा आहे. पण नव्यात काही बिघडणार नाही हे मला चांगलं ठाऊक होतं. ती दोघं हसत होती तेव्हाचं माझ्याकडे दुसरं काही उरलेलं नाही, म्हणून माझ्यानं पुसवलं नाही. त्यात ‘भिंगरीपुरता’ हे मी विसरलो. माझं चुकलं, तिला तसं सांगा.

आता उंटावरून शेळ्या हाकतो, नीट ऐका. वरच्या ओळीनं चालू करा. ‘डिस्क’ नावाचं चित्र आहे, ते उघडा. दोन भाग दिसतील, एकाचं नाव मी ‘जुने’ ठेवलंय. त्यावर एकदा दाबा, मग खालच्या दातेरी चाकाच्या खुणेवर दाबा, मग ‘फॉरमॅट’. ‘खरंच पुसायचं का?’ असं विचारेल. हो म्हणा. एकदा हो म्हटलं की परत येत नाही, पण तसंच हवंय. तुम्ही शिवलेलं उसवता, त्याहून सोपं आहे.

मी येण्याची गोष्ट पुन्हा काढणार नाही. तिला वाटत असेल तर पत्रंही थांबवतो. पोरीचा लॅपटॉप मात्र कपाटावरून खाली काढा. तिचा त्यात काय दोष?

भिंगरीचे आजोबा

*

२२ एप्रिल

प्रिय आजोबा,

मी भिंगरी. हे पत्र मी हाताने लिहीत आहे कारण लॅपटॉप कपाटावर होता, आता टेबलावर आहे पण आजीने त्याला हात लावायचा नाही असं सांगितलंय. तुम्ही सगळे हात लावू नका असंच का म्हणता?

आजीने तुमचं पत्र समोर ठेवून पुसायला घेतलं. मी खूप रडले. आजी म्हणाली, बाबांची आठवण येते का? मी म्हटलं नाही. बाबा मला फोनवर दिसतात. मी आईला बघते.

त्या फोटोत आई सायकल चालवते. आईला सायकल येते हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. आणि ती इतकी हसते आहे की सगळे दात दिसतात. तिचा बाजूचा एक दात दुसऱ्यावर चढला आहे. मी तो आधी कधीच बघितला नव्हता कारण ती आता तोंड मिटून हसते. मी आरशात बघितलं तर माझा पण तसाच येतो आहे.

हे मी आजीला सांगत होते तेव्हा आई दारात होती. आम्हाला माहीत नव्हतं. ती आत निघून गेली. आजीने न पुसताच लॅपटॉप बंद केला आणि मला म्हणाली, आता गप बस. म्हणून मी गप बसून तुम्हाला लिहिते आहे.

टाइप करायच्या खेळात मी आजीला हरवलं. तुम्हाला पण हरवीन.

तुमची भिंगरी

*

२९ एप्रिल

ती. अण्णांना सा. न.

खूप दिवसांनी तुम्हाला लिहिते आहे. चार कागद फाडून झाले, हा पाचवा.

मला वाटलं होतं, तुम्ही मुद्दाम ठेवलंत. राग आला होता, आणि रागाला जवळचं माणूसच सापडतं. आईनं तुमचं पत्र मला वाचायला दिलं. मग भिंगरीचं बोलणं कानांवर पडलं. लेकीनं माझं हसणं जुन्या लॅपटॉपमध्ये जाऊन बघावं! त्या दिवशी आतल्या खोलीत मी खूप रडले अण्णा.

रविवारी मी स्वतः बसले. तुम्ही लिहिलंत तसं सगळं केलं, दातेरी चाकापर्यंत गेले. ‘खरंच पुसायचं का’ आलं, तेव्हा भिंगरी माझ्या दंडाला धरून उभी होती. मी नाही म्हटलं. मग आम्ही दोघींनी खालची ओळ उघडली आणि एकेक फोटो बघितला. फार वेळ लागतो हो ते सुरू व्हायला! ती विचारत गेली, मी सांगत गेले. त्या सायकलवरून आम्ही पुढच्याच वळणावर पडलो होतो, गुडघे फुटले होते, हेही सांगितलं. तिच्या वडिलांबद्दल तिच्याशी चांगलं काही बोलायला मला आजवर जमलं नव्हतं. त्या दिवशी थोडं जमलं. शेजाऱ्यांची सायकल मागून आणली आहे. मला अजून येते. तिला अजून येत नाही.

आणखी एक. शेवटच्या पत्रात तुम्ही ‘भिंगरीचे आजोबा’ एवढीच सही केलीत. आईनं ती मला बोट ठेवून दाखवली. अण्णा, घटस्फोट मी तुमच्या मुलापासून घेतला. तुमच्यापासून घ्यायचा अर्ज मी कुठे केला होता? लाल रेघा मारायला मला अजून जागा आहे. तुमच्या त्या पत्रात हातानं लिहूनसुद्धा चुका आहेत.

रविवारी मला सुट्टी असते. लॅपटॉपला काहीही झालेलं नाही, उत्तम चालतो आहे. तरी या.

तुमची,
सूनच लिहिते